आडनाव विचारून मिळणारी सुरक्षितता

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुण्यातील चोवीस सदनिकांच्या एका सोसायटीचा मी सचिव आहे. आमच्या एका सभासदाने आपली सदनिका एका मुसलमान कुटुंबाला अकरा महिन्यांच्या करारावर द्यायचे ठरवले आहे. पती संगणक अभियंता, पत्नी दंतवैद्य आणि दोन लहान मुली असे ते कुटुंब आहे. कमिटीच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “पहलगामला धर्म विचारून गोळ्या घातल्या, आपण नुसते नाव विचारून नाही म्हटले तर बिघडले कुठे?” मला ते पटले नाही, पण खोडूनही काढता आले नाही, कारण थोडी भीती मलाही वाटते. मी काय करावे? — एक सचिव

उत्तर : भीती वाटते हे आपण सरळ लिहिलेत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात जे २६ जण मारले गेले, त्यांत महाराष्ट्रातले सहा होते आणि त्या सहांपैकी दोघे पुण्याचे होते. १३ फेब्रुवारी २०१० चा जर्मन बेकरीतला स्फोटही पुणेकर विसरलेले नाहीत. अशा शहरातल्या माणसाला भीती वाटू नये असे म्हणणे उद्धटपणाचे होईल, आणि हल्लेखोरांनी धर्माचे नाव घेतले हे झाकण्यातही अर्थ नाही. मात्र त्याच कुरणात एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही मारला गेला, आणि दुसऱ्या दिवशी काश्मीर खोऱ्यात हल्ल्याच्या निषेधार्थ कडकडीत बंद पाळला गेला, याची आठवण बैठकीत कोणाला झाल्याचे आपल्या पत्रावरून दिसत नाही.

ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे न्यायाचे आहे की नाही, हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. ते निदान उपयोगाचे तरी आहे का? २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याची ठिकाणे ज्याने आधी हेरून ठेवली, त्याचे मूळ नाव दाऊद गिलानी. २००६ साली त्याने अमेरिकेत रीतसर ते बदलून डेव्हिड हेडली असे करून घेतले, ते एवढ्याचसाठी, की भारतात वावरताना आपण मुसलमान किंवा पाकिस्तानी असू अशी शंका कोणाला येऊ नये. ते नाव आणि अमेरिकी पासपोर्ट यांच्या बळावर तो मुंबईत वारंवार आला, त्याने तिथे कार्यालय थाटले, ताजमहाल हॉटेलाचे चित्रण केले आणि पुण्यात कोरेगाव पार्कातही तो राहून गेला. आपल्या कमिटीपुढे हा गृहस्थ आला असता, तर “फॉरेनर आहे, भाडे वेळेवर देईल” म्हणून त्याला पार्किंगची जागासुद्धा मिळाली असती असे मला वाटते. दंतवैद्य बाई मात्र दारातूनच परत गेल्या असत्या.

नावावरून संशय घेण्याची किंमत मालेगावाने मोजली आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, शुक्रवारच्या नमाजानंतर बडा कब्रस्तानाच्या परिसरात स्फोट झाले. मरण पावलेले बहुतेक सर्व मुसलमान होते आणि पकडले गेलेले नऊ जणही मुसलमानच होते. त्यांना सुमारे पाच वर्षे तुरुंगात काढावी लागली. पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या तपासाने वेगळीच दिशा घेतली आणि एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २००६ च्याच ११ जुलैला मुंबईच्या लोकलगाड्यांमध्ये सात स्फोट होऊन १८० हून अधिक माणसे गेली होती. त्या खटल्यात दोषी ठरलेल्या बारा जणांना उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले. त्यांतला एक जण तोवर कैदेतच वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही असे त्या न्यायालयाने सांगितले, परंतु सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवले नाही. ज्यांच्या घरची माणसे त्या संध्याकाळी गाडीतून परतली नाहीत, त्यांना एकोणीस वर्षांनी काय मिळाले, याचे उत्तर कोणाकडेच नाही.

त्यानंतर दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्याच २००८ सालच्या स्फोटाच्या खटल्यातील सातही आरोपी निर्दोष सुटले. हे आरोपी हिंदू होते. त्या पंधरवड्यातले आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरचे संदेश जमल्यास पुन्हा वाचून पाहा. माझ्याकडे जे आले त्यांत एकच गृहस्थ पहिल्या निकालाला “तपासाची नामुष्की” आणि दुसऱ्याला “सत्याचा विजय” म्हणत होते, आणि या दोन संदेशांत आपण काही विसंगत बोललो असे त्यांना वाटल्याचे दिसत नव्हते. त्यांच्या उलट बाजूने बोलणारेही होते; तेही तितकेच ठाम. पण २००८ च्या खटल्याची सगळी वर्षे कोणा हिंदू भाडेकरूला त्यापायी घर नाकारले गेल्याचे मी ऐकलेले नाही.

माझ्या ओळखीचे एक एजंट आहेत. ते घरमालकाला फोनवर सांगत असतात, “पार्टी चांगली आहे, फॅमिली आहे, दोघांना नोकरी आहे, डिपॉझिट लगेच देतील.” पलीकडून नाव विचारले जाते. ते नाव सांगतात. मग “घरी विचारून कळवतो” असे उत्तर येते आणि एजंट फोन ठेवण्याआधीच वहीत त्या जागेसमोर फुली मारतात. घरी कोणी विचारत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झाले आहे.

आता आपल्या कामाचे. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यासाठी सभासदाला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. त्याने लेखी कळवायचे असते आणि कराराची व पोलिसांना भाडेकरूची माहिती दिल्याची प्रत द्यायची असते. संस्थेला घेता येते ते बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, आणि तेही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. म्हणजे ज्या ठरावावर आपली बैठक रात्री उशिरापर्यंत चालली असेल, तो करण्याचा अधिकारच कमिटीला बहुधा नव्हता. आपले उपविधी काढून तपासा. पोलीस पडताळणीचा आग्रह जरूर धरा, पण तो चोवीसही सदनिकांच्या भाडेकरूंसाठी धरा. दुसऱ्या मजल्यावर तीन वर्षे राहणाऱ्या चार अविवाहित मुलांची कागदपत्रे फाइलीत आहेत का, हेही त्या निमित्ताने कळेल.

प्रश्न : मी मूळची रत्नागिरी जिल्ह्यातील खेडची, नोकरी ठाण्यात करते. कुठेही हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी कार्यालयात कोणी तरी विचारते, “तुमच्यात याबद्दल काय म्हणतात?” मी गप्प राहिले तर तेही लक्षात ठेवले जाते. शिवाय “तुम्ही मराठी किती छान बोलता!” हे कौतुक आहेच. आमच्या घरात वडिलांनाही उर्दू धड येत नाही. दर वेळी निषेध करून दाखवणे हे माझे कर्तव्य आहे का? — एक वाचक

उत्तर : नाही. आपला या हल्ल्यांशी जेवढा संबंध आहे, तेवढाच विचारणाऱ्यांचाही आहे.

“मुसलमान निषेध करत नाहीत” ही समजूत मात्र आपल्याकडे घट्ट बसली आहे, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. २००८ च्या फेब्रुवारीत देवबंदच्या दारुल उलूममध्ये देशभरातील उलेमांनी एकत्र येऊन दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले होते. त्याच वर्षी मुंबईवरील हल्ल्यात ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास तेथील विश्वस्तांनी नकार दिला. मृताला मूठमाती देणे हे ज्या समाजात धर्मकर्तव्य मानले जाते, त्याने तसे म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारने त्यांचे गुपचूप दफन केले. याहून मोठ्याने निषेध कसा करतात, मला ठाऊक नाही.

यात एकट्या आपल्या कार्यालयाचा दोष नाही. प्यू या अमेरिकी संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील पाहणीत ३६ टक्के हिंदूंनी आपल्याला मुसलमान शेजारी चालणार नाही असे सांगितले. हिंदू शेजारी नको म्हणणारे मुसलमान १६ टक्के होते. ज्यांच्या शेजारात कोणी नाही, त्यांना सगळे प्रश्न कार्यालयातल्या एकमेव मुसलमान बाईला विचारावेसे वाटतात. कार्यालयातल्या ज्या मैत्रिणीशी डबा वाटून खाता, तिला एकदा बाजूला घेऊन हे जे मला लिहिलेत ते सांगा. बाकीच्यांना “तुमच्यात काय म्हणतात?” असे उलट विचारायला हरकत नाही, आवाज चढवायची गरज पडणार नाही. आणि मराठीच्या कौतुकावर “खेडची आहे, येणारच” एवढे पुरे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने वर्गातल्या एका मुसलमान मुलाला “तुझ्या दप्तरात बॉम्ब आहे का?” असे सर्वांसमोर विचारले. तो मुलगा रडला. माझा मुलगा म्हणतो, मी गंमत केली. बाईंची चिठ्ठी अजून आलेली नाही. मुलाला काय शिक्षा करावी? — एक आई

उत्तर : शिक्षेआधी त्याला शांतपणे विचारा, की ही गंमत त्याने कुठे ऐकली. उत्तर बहुधा आपल्याच घरातल्या जेवणाच्या टेबलापाशी, बातम्या लावलेल्या टीव्हीसमोर किंवा काकांनी मोठ्याने वाचून दाखवलेल्या एखाद्या संदेशात सापडेल, आणि तसे असेल तर मुलासमोरच काकांशी बोलावे लागेल. ते अवघड आहे, हे कबूल. त्या मुलाच्या आईशी आपण स्वतः बोला, फोन मुलाच्या हाती देऊन “सॉरी म्हण” एवढ्यावर उरकू नका. त्यांचा नंबर वर्गाच्या ग्रुपवर असेलच. चिठ्ठीची वाट न पाहता आज संध्याकाळीच फोन करा.