ओसाड माळावर काय बघायचं? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. ताडोबाचं बुकिंग मिळालं नाही, मुलं हिरमुसलीयेत. कुणीतरी सांगितलं की इंदापूर-बारामतीकडे ग्रासलँड सफारी सुरू झालीये. पण सोलापूर रोडने आम्ही कितीदा गेलोय, तिकडे नुसता ओसाड माळ दिसतो. सासूबाईही सोबत असतील. एवढं लांब जाऊन काय बघणार?

ताई, पहिलं म्हणजे तो माळ ओसाड नाहीये. सह्याद्रीने ढग अडवले की लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि इंदापूर-बारामतीच्या वाट्याला जेमतेम पाचशे येतो, त्यात खाली मुरूम आणि वर वीतभर माती, मग तिथं दाट झाडी कुठून येणार, गवतच येणार, मधेमधे बोर, बाभूळ, हिवर. सरकारी कागदावर अशा जागेला पडीक म्हणतात आणि म्हणूनच ती प्लॉटिंगला जाते नाहीतर तिथं खड्डे खणून झाडं लावतात, याचं मला फार वाईट वाटतं, कारण चिंकारा हरीण, लांडगा, खोकड यांना झाडी नकोच असते, त्यांना लांबवर दिसेल असं उघडं रान लागतं.

वनखात्याने 2024 मध्ये कडबनवाडी (इंदापूर) आणि शिरसुफळ (बारामती) इथं सफारी सुरू केली. बुकिंग ऑनलाइन होतं. सोबतीला स्थानिक गाईड असतो आणि त्याची नजर तयार असते. तुम्हाला जिथं नुसतं वाळलेलं गवत दिसतं तिथं तो चिंकारा दाखवेल, शेपूट सारखी हलत असते त्यावरून. पहाटेचीच वेळ घ्या, ऊन चढलं की सगळी जनावरं सावलीला जातात. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा की इथं वाघ नाही, लांडगा दिसलाच तर नशीब, पण खोकड दिसायची बरीच शक्यता असते. कोल्ह्यापेक्षा लहान, शेपटीचं टोक काळं. मुलांना हे ओळखायला फार आवडतं. हिवाळ्यात भोवत्या येतात, लांबून मध्य आशियाकडून आलेले शिकारी पक्षी, गवतावरून अगदी खालून तरंगत जातात, मला विचाराल तर नुसतं तेवढं बघायलासुद्धा जावं.

सासूबाईंसाठी परतताना मोरगाव करा. तिथून जवळच सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, पाचेक चौरस किलोमीटरच, पण चिंकारा बघायला छान जागा.

प्रश्न : आम्ही चार मित्र बाईकवर जातोय. लांडग्याचा फोटो हवाच आहे. रात्री टॉर्च मारत फिरलं तर तरससुद्धा दिसतो म्हणे, खरंय का?

तरस रात्रीच हिंडतो हे खरं, पण टॉर्च घेऊन माळावर जाऊ नका, कृपा करून नको. डोळ्यावर झोत पडला की जनावर बिथरतं आणि रस्त्याकडे पळतं. शिवाय चंडोल, धाविक, टिटवी असे कितीतरी पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, बाईक गवतात घातली तर चाकाखाली काय गेलं ते कळणारही नाही. थंडीत लांडग्यांची पिल्लं बिळात असतात, बिळाशी माणसं घुटमळली तर मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते, त्यात ती दगावूही शकतात. कुणी पैसे घेऊन बीळ दाखवतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

त्यापेक्षा धनगर दादांशी बोला. मेंढ्यांमागे त्यांचा दिवस माळावरच जातो, लांडगा कुठून येतो ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि मेंढी गेली तरी तो त्याचा वाटा असं म्हणणारे अजून भेटतात. नुकसान सोसून असं बोलणाऱ्या माणसासमोर आपण फोटोचा हट्ट धरू नये असं मला मनापासून वाटतं. स्वतःचा कुत्रा तर अजिबात नेऊ नका, कुत्र्यांचे रोग लांडग्यांना लागतात आणि पुण्याच्या आसपास लांडगा-कुत्रा संकरही आढळलेत.

प्रश्न : भिगवणचे फ्लेमिंगो आणि काळवीट एकाच दिवसात होतील का? कुठला महिना चांगला?

होतील, पण घरून पहाटे चारला निघावं लागेल. जानेवारी ते मार्च बरा. आधी कुंभारगावला उजनीच्या पाण्यावर होडीतून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघा, होडीवाल्याला सांगा थव्यात घालू नको, लांबूनच बघू. दुपारी तिथंच मासे-भाकरी खा. मग ऊन उतरल्यावर कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी, खास काळविटांसाठी 1980 मध्ये झालेलं अभयारण्य. नर काळा आणि पिळदार शिंगांचा, मादी तपकिरी, बिनशिंगाची. सिद्धटेकही त्याच तालुक्यात आहे. पायात बूट हवेतच, घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत तिकडे, आणि मोजे जाड घाला नाहीतर कुसळं काढता काढता संध्याकाळ होईल.