नोटीस ओलीची द्या, कसरीची नको

प्रश्न: पुण्यात शनिवार पेठेतल्या वाड्यात आम्ही 1974 पासून भाडेकरू आहोत. भाडं महिना 500 रुपये. पन्हळ फुटल्याने मागची भिंत पावसाळाभर झिरपते, पोपडे पडतात, आणि त्या ओलीमुळेच कपाटात कसर झाली आहे. मालक म्हणतात, "कसर तुमच्या रद्दीमुळे." भाडं थांबवू का?

उत्तर: ताई, भाडं एक महिनाही थांबवू नका. थकबाकी दिसली की मालक 90 दिवसांची नोटीस देऊन जागा खाली करण्याचा दावा लावू शकतात.

कसर ओलीवरच पोसते, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण कसर मारणं म्हणजे जागेची दुरुस्ती नव्हे. त्यावर भांडलात तर मालक रद्दीचंच धरून बसतील. नोटिशीत पन्हळ, भिंत आणि पोपडे एवढंच लिहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 14 नुसार जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम आहे. दुरुस्ती तुम्ही करायची असं करारात लिहून दिलेलं नाही ना, तेवढं आधी पाहा. नोटीस पोचपावतीसह पोस्टाने पाठवा. 15 दिवसांत काम झालं नाही, तर स्वतः करून घ्या आणि खर्च भाड्यातून वळता करा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच, म्हणजे तुमच्या बाबतीत 1,500 रुपये. एवढ्यात गवंडीसुद्धा येणार नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून त्या पन्हळीचा त्रास असलेल्या सगळ्या भाडेकरूंनी मिळून नोटीस द्या; वजावट ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात होते. बिलं आणि हिशेब नीट ठेवा, तो मालकांवर बंधनकारक असतो.

मला खरी काळजी वाटली ती तुम्ही पाठवलेल्या फोटोमुळे. कपाटाच्या तळाशी जुन्या भाडेपावत्यांचा गठ्ठा आहे, आणि रेव्हेन्यू तिकिटाखालचा डिंक खाता खाता कसर मालकाच्या सहीपर्यंत पोचली आहे. पुस्तकं पुन्हा विकत मिळतील. पन्नास वर्षांच्या भाडेकरूपणाचा हा पुरावा मिळणार नाही. आजच गठ्ठा सोडवा, मऊ ब्रशने झटका, सावलीत वाळवा, प्रत्येक पावतीची रंगीत झेरॉक्स काढा आणि मूळ पावत्या कोरड्या खोलीत पत्र्याच्या डब्यात ठेवा. पुढचं भाडं बँकेतून भरा. रोख दिलंत तर पावती मागून घ्या. कलम 31 प्रमाणे मालकांना ती द्यावीच लागते.