चार कॅमेरे, एक पाय ४ आणि दमलेला सीपीयू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीच्या गेटवरच्या टीव्हीला रास्पबेरी पाय ४ (छोटा एका बोर्डाचा संगणक) जोडलाय आणि चार आयपी (नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या) कॅमेऱ्यांची चित्रं एकाच पडद्यावर चार चौकटींत दाखवायची आहेत. कॅमेरे १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल), सेकंदाला २५ फ्रेम, एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत). जीस्ट्रीमर या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या पाइपलाइनमधला (घटकांच्या साखळीतला) सीपीयूवर चालणारा सॉफ्टवेअर डिकोडर, म्हणजे दाबलेलं चित्र उलगडणारा घटक, काढून खास सर्किटवर चालणारा हार्डवेअरवाला बसवला, तरी सीपीयू नव्वद टक्क्यांच्या खाली येत नाही, चित्र अडखळतं, वर चौकटींच्या तळाशी हिरवी रेघ दिसायला लागली. तर आता पाय ५ घ्यावा का?

इतक्यात घेऊ नका. पाय ५ मध्ये एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर नाहीच. २०२३ साली तो बोर्ड आला तेव्हा फक्त एच.२६५ चा (एच.२६४ नंतरची पद्धत) डिकोडर ठेवला आणि एच.२६४ चं काम सीपीयूवर सोपवलं. त्याच्या सीपीयूचे ए७६ कोअर २.४ गिगाहर्ट्झचे आहेत, त्यांना ते झेपतं. पण 'हार्डवेअर डिकोडिंग हवं' म्हणून एच.२६४ कॅमेऱ्यांसाठी तो घेणं म्हणजे पोहायला शिकायचं म्हणून नवीन टॉवेल आणण्यासारखं.

आता तुमच्या पाय ४ कडे येऊ. त्यातला एच.२६४ चा ब्लॉक १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम एवढ्या कामासाठी आहे. तुमचे चार कॅमेरे गुणिले २५ म्हणजे सेकंदाला १०० फ्रेम. तो बिचारा मान टाकणारच. म्हणजे चित्र अडखळण्याचं निम्मं उत्तर या एका गुणाकारात आहे. कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये १५ फ्रेम केल्यात तर कसंबसं काठावर बसेल, पण काठावरच.

पण मग सीपीयू का तापतोय? डिकोड तर तो करत नाहीये ना? इथेच बहुतेकांची गल्लत होते, माझीही झाली होती. डिकोडर बदलल्यावर आकडा हलला नाही, याचा अर्थ वेळ जातोय तो डिकोड झाल्यानंतर. तुमच्या पाइपलाइनमध्ये 'कंपोझिटर' हा घटक आहे. तो चार चित्रं लहान करून एकत्र चिकटवतो, आणि हे सगळं सीपीयूवर करतो. त्याच्या आधी 'व्हिडिओकन्व्हर्ट'ही ठेवलाय, म्हणजे रंगांचं रूपांतरही सीपीयूच्याच गळ्यात.

हिशोब करून बघा. १०८०पी ची एक फ्रेम डिकोड झाली की साधारण ३.१ एमबी होते (पिक्सेलमागे दीड बाइट). १०० फ्रेम म्हणजे सेकंदाला ३११ एमबी. तीच आरजीबीत नेली की पिक्सेलमागे ४ बाइट, म्हणजे सेकंदाला ८२९ एमबी. ही एकेका फेरीची गोष्ट. रूपांतर, आकार लहान करणं, चिकटवणं, अशा प्रत्येक पायरीला पुन्हा वाचा, पुन्हा लिहा. शिवाय हार्डवेअर डिकोडरने भरलेली मेमरी अनेकदा सीपीयूला कॅशशिवाय (त्याच्या जवळच्या झटपट मेमरीशिवाय) मिळते, आणि तिथून वाचणं भयंकर संथ असतं. म्हणूनच कधीकधी 'हार्डवेअर' चालू केल्यावर सॉफ्टवेअरपेक्षाही वाईट अनुभव येतो. एमपीव्ही हा व्हिडिओ प्लेअर वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: डिकोडरच्या पर्यायाच्या नावात शेवटी 'कॉपी' असेल तर तो खरोखरच कॉपी करतो, नाव प्रामाणिक आहे.

खात्री करायची सोपी रीत सांगतो. एका कॅमेऱ्याचं मिनिटभराचं चित्रण जसंच्या तसं फाइलमध्ये साठवा. मग एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रामने ती फाइल डिकोड करा, पण आउटपुट 'नल' द्या, म्हणजे पडद्यावर काहीच जाणार नाही. शेवटच्या ओळीत 'स्पीड' दिसेल, म्हणजे मूळ वेगाच्या किती पट. तो दुपटी-तिपटीत असेल तर एका कॅमेऱ्यापुरता डिकोडर निर्दोष. थेट कॅमेऱ्यावर ही चाचणी करू नका, कारण कॅमेरा स्वतःच सेकंदाला २५ फ्रेम पाठवतो, त्यामुळे स्पीड एकच्या पुढे जायचाच नाही आणि तुम्ही उगाच बोर्डाला दोष द्याल.

उपाय दोन. पहिलाच बहुधा पुरेल.

पहिला उपाय म्हणजे मेनस्ट्रीम सोडा, सबस्ट्रीम घ्या. जवळपास प्रत्येक आयपी कॅमेरा दोन प्रवाह देतो: मोठ्या चित्राचा मेनस्ट्रीम आणि लहान चित्राचा सबस्ट्रीम. तुमच्या टीव्हीवरची एक चौकट आहे ९६० बाय ५४० ची. तिच्यासाठी १९२० बाय १०८० डिकोड करायचं आणि मग तीन-चतुर्थांश पिक्सेल फेकून द्यायचे, हे घागरभर पाणी आणून पेलाभर पिण्यासारखं झालं. सबस्ट्रीम ६४० बाय ३६० असेल तर त्यात १०८०पी च्या बरोबर एक नवमांश पिक्सेल. चारही कॅमेरे मिळून एका १०८०पी कॅमेऱ्याच्या निम्म्याहूनही कमी! एवढं काम पाय ४ चे चार ए७२ कोअर सॉफ्टवेअरमध्ये, हार्डवेअरला हातही न लावता करतात. चित्र थोडं मऊ दिसेल, ते वॉचमनला चालतं. गाडीचा नंबर वाचायची वेळ आली तर एनव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) मेनस्ट्रीमचं रेकॉर्डिंग असतंच.

सॉफ्टवेअर डिकोडिंगला उगाच कमीपणा देऊ नका. नेटवर्कमध्ये पॅकेट (डेटाचे तुकडे) गळाली तर सॉफ्टवेअर डिकोडर फाटक्या फ्रेमला ठिगळ लावून पुढे जातो. हार्डवेअरवाले अशा वेळी अडून बसलेले मी पाहिलेत. (पॅकेट गळत असतील तर कॅमेऱ्याचं चित्र आणणारा आरटीएसपी यूडीपीऐवजी टीसीपीवर घ्या, त्यात गळालेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जातं, करड्या रंगाचे ओघळ थांबतील.) सॉफ्टवेअरचा तोटा एकच जाणवतो: एफएफएमपेग फ्रेम वाटून चार थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांवर) देतो तेव्हा तीन फ्रेमचा उशीर होतो, २५ च्या वेगाला १२० मिलिसेकंद. गेटवर कोण आलंय हे बघायला तेवढ्याने काही बिघडत नाही.

दुसरा उपाय, मेनस्ट्रीमच हवा असेल तर: फ्रेम सीपीयूच्या हातात पडूच देऊ नका. 'कंपोझिटर'च्या जागी 'जीएल व्हिडिओमिक्सर' (तेच काम जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सच्या प्रोसेसरवर करणारा घटक) वापरा आणि 'व्हिडिओकन्व्हर्ट' काढून टाका. डिकोडरला बफर (फ्रेम ठेवलेली मेमरी) डीएमए-बफ म्हणून, म्हणजे इतर भागांनाही थेट वाचता येईल अशा रूपात, द्यायला सांगितलंत की तोच बफर जीपीयू थेट वाचतो, मध्ये कॉपी नाही. याच्या जोडीला कॅमेरे एच.२६५ वर न्या. पाय ४ चा एच.२६५ ब्लॉक ४के, सेकंदाला ६० फ्रेम एवढ्या क्षमतेचा आहे, म्हणजे पिक्सेलच्या मापाने १०८०पी च्या २४० फ्रेम. शंभरची तुमची गरज त्यात आरामात मावते. फक्त कॅमेऱ्यातला 'स्मार्ट' किंवा 'प्लस' नावाचा बचतीचा मोड बंद ठेवा. त्यात दोन कीफ्रेममधलं (आधीच्या फ्रेमवर न विसंबणाऱ्या पूर्ण फ्रेममधलं) अंतर खूप वाढतं आणि सुरुवातीला चित्र यायला बराच वेळ लागतो.

हिरवी रेघ: एच.२६४ चित्राचे १६ बाय १६ चे ठोकळे पाडतो. १०८० ला १६ ने भागलं की साडेसदुसष्ट येतात, म्हणून प्रत्यक्षात १०८८ ओळींचं चित्र असतं आणि खालच्या ८ ओळी कापून टाका अशी सूचना सोबत जाते. तुमच्या साखळीत कुणीतरी ती सूचना ऐकत नाहीये. हिरवाच रंग का? वायूव्हीत (उजेड आणि रंगाचे आकडे वेगळे ठेवणाऱ्या पद्धतीत) सगळे आकडे शून्य असले की पडद्यावर हिरवा उमटतो. सबस्ट्रीमची ३६० उंचीही १६ ने भागली जात नाही, त्यामुळे हार्डवेअर डिकोडर ठेवलात तर रेघ तिथेही भेटेल.

हे सगळं मोजायला बसण्याआधी पायच्या 'व्हीसीजेनसीएमडी' या कमांडला 'गेट थ्रॉटल्ड' (वेग कमी केलाय का) विचारा. उत्तर शून्य यायला हवं. मी एकदा दोन रविवार पाइपलाइन उलटसुलट करत बसलो होतो आणि बोर्ड चालत होता घरातल्या जुन्या मोबाइल चार्जरवर. व्होल्टेज पडत होतं, सीपीयू स्वतःचा वेग कमी करत होता, आणि मी मात्र रोज नवा डिकोडर बदलत होतो.