3यू व्हीपीएक्स बोर्ड तपासायला बेंचटॉप चॅसिस घ्यावीच लागेल का, की टेबलफॅनवर भागेल?

तुम्ही जालन्याहून विचारलंय की दोन 3यू व्हीपीएक्स बोर्ड (खडतर जागी चालणाऱ्या संगणकांची सरकवायची कार्डं; 3यू हे उंचीचं माप) हातात आहेत, चॅसिसची, म्हणजे ती बसवायच्या पंखेवाल्या पेटीची, किंमत ऐकून साहेबांनी हात वर केले, तर बॅकप्लेन (बोर्ड ज्यात खोचतात ती कनेक्टरांची पाटी) टेबलावर मांडून समोर टेबलफॅन लावला तर चालेल का? बोर्ड बूट होतो का, एवढंच बघायचं असेल तर पाच-दहा मिनिटं निभेल. दिवसभराच्या टेस्टला नाही.

हे पोळून सांगतोय. चिकलठाणा एमआयडीसीत आमच्या बेंचवर पाच स्लॉटांची चॅसिस आहे. एका मे महिन्यात बोर्ड सकाळी गुणी बाळासारखा चालायचा आणि दुपारी दोनच्या सुमाराला लिंक सोडायचा. आठ दिवस आम्ही फर्मवेअरवाल्या पोराला धारेवर धरलं. शेवटी त्यानंच वैतागून देव्हाऱ्यातली उदबत्ती आणली आणि चॅसिसखाली धरली. धूर आमच्या बोर्डाकडं फिरकलाच नाही, शेजारच्या रिकाम्या स्लॉटांतून सरळ वर गेला.

लहानपणी परभणीकडं रात्र-रात्र दारं धरलेला मी, आणि मला हे सुचू नये! एक सरी मोकळी राहिली की सगळं पाणी तिकडंच पळतं. हीटसिंकच्या दाट पात्यांत शिरायला हवेला दाब लागतो. बाजूला मोकळी वाट असल्यावर ती तिथं कशाला शिरेल? टेबलफॅनचं दुखणं हेच. हवा भरपूर, पण चहूकडून निसटणारी. आम्ही रिकाम्या स्लॉटांत कोरी कार्डं सरकवली (नुसती समोरची पट्टी लावून भागत नाही, आतपर्यंत आडोसा लागतो) आणि दुपारचं नाटक थांबलं. पोराला चहा पाजावा लागला तो वेगळाच.

बोर्ड कंडक्शन-कूल्ड असेल, म्हणजे कडांना वेज-लॉक (बोर्ड भिंतीला घट्ट दाबणाऱ्या पाचरी) असतील, तर पंखा कितीही फिरवा, उपयोग नाही. त्याची उष्णता कडांतून धातूच्या भिंतीत जायला हवी. प्लास्टिकच्या गाइडमध्ये तो तापतच राहणार. स्लॉटमधलं अंतरही बघा: 20.32 मिमी आणि 25.4 मिमी, दोन्ही चालतात बाजारात. एक इंच जाडीचा बोर्ड अरुंद स्लॉटात बसवायला जाऊ नका.

पैसे वाचवायचेच तर स्लॉट कमी घ्या, बॅकप्लेनमध्ये काटकसर नको. कनेक्टर सारखा दिसला म्हणून वायरिंग सारखं नसतं. तुमच्या बोर्डाचा स्लॉट प्रोफाइल (कुठल्या पिनांवर काय येतं त्याचा आराखडा) ओपनव्हीपीएक्सच्या, म्हणजे व्हिटा 65 या मानकाच्या कागदावर काढा आणि बॅकप्लेनच्या कागदाशी पिन-पिन जुळवा. लेनचा, म्हणजे बॅकप्लेनवरच्या सिग्नलच्या वाटेचा, वेगही विचारा. 10.3125 गिगाबॉडची लिंक जुन्या, कमी वेगाच्या बॅकप्लेनवर कधी जुळते, कधी नाही, आणि असली अर्धवट चूक शोधण्यात आठवडे जातात. बोर्ड बसत नसेल तर गाइड पिनची ‘की’ काढून रेटणारे महाभाग मी पाहिलेत. ती ‘की’ चुकीच्या स्लॉटात बोर्ड जाऊ नये म्हणूनच आहे.

मागून आरटीएम (रिअर ट्रान्झिशन मॉड्यूल, म्हणजे बोर्डाच्या जोडण्या मागच्या बाजूला काढणारं कार्ड) बसायला जागा हवी, आणि बाजूचा पत्रा निघणारा हवा, म्हणजे प्रोब लावता येतो. पण प्रोब काढला की पत्रा लगेच परत लावा, नाहीतर पुन्हा उदबत्ती शोधावी लागेल.

आणि साहेबांना एक बिनखर्चाचं काम सांगा: अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला माणूस लावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंग नावापुरतंच उरतं.