बाईक वाढत्या अंगाची आणि पोरगी सव्वादोन वर्षांची

माझ्याकडे छोट्या मुलांचे आईबाबा सल्ल्यासाठी येतात ते बहुतेक ठरलेले प्रश्न घेऊन, उशिरा बोलतोय, जेवत नाही, मोबाईल सोडत नाही वगैरे. पण आता त्यात एक नवीन भर पडलीये, बॅलन्स बाईक. म्हणजे ती बिनपेडलची छोटी दोनचाकी, मूल सीटवर बसतं आणि पायाने जमीन ढकलत ढकलत पुढे जातं. प्रश्न साधारण असा असतो की मॅडम एवढी हौसेने आणली, खालच्या मजल्यावरचा मुलगा सुसाट जातो आणि आमचं पिल्लू बसायलाच तयार नाही, भित्रं आहे का, काही प्रॉब्लेम तर नाही ना? त्यातलीच एक केस सांगते. आईबाबांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत, मुलीला आपण चिऊ म्हणू.

चिऊ सव्वादोन वर्षांची. बाबा अंबड एमआयडीसीत, आई बँकेत, राहायला पाथर्डी फाट्याकडे, घरात बाबांची आई म्हणजे चिऊची आजी. बाबा सायकलवाले. नाशिकमध्ये सायकलवाल्यांची काय कमी, २०१५ मध्ये आपल्या डॉक्टर महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका सायकलने पार करायची शर्यत, पूर्ण केली तेव्हापासून तर रविवारी पहाटे त्र्यंबक रोडला जर्सीवालेच जर्सीवाले. हे बाबा नाशिक ते पंढरपूर सायकल वारीही करून आलेले. अशा माणसाच्या मुलीने सायकलला हात लावताच रडायला सुरुवात केली तर घरात काय वातावरण होत असेल बघा.

पहिल्या भेटीत आईच बोलत होत्या. "मॅडम, माझ्या नणंदेचा मुलगा पुण्यात असतो, हिच्याहून महिनाभराने लहान, तो दोन्ही पाय वर उचलून जातो. ही बाईक बघितली की आजीच्या मागे लपते. घसरगुंडीवर पण आधी जात नाही, बाकीची मुलं जाऊन आली की मग. पुढे शाळेत अशीच मागे राहिली तर?" बाबा गप्प. मग त्यांनी फोन काढून व्हिडिओ दाखवला.

व्हिडिओत काय, तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबा चिऊला काखेत धरून ढकलतायत आणि सारखं "पाय उचल, पाय उचल" चाललंय, आई शूटिंग करतायत, बाकावरून आजी ओरडतायत की अरे पाडशील तिला, आणि चिऊने मान मागे टाकून जो भोकाड पसरलाय तो पार वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार. मी तिच्या तोंडाकडे नाही, पायाकडे बघितलं. दोन्ही पायांची फक्त बोटं टेकत होती. म्हटलं पुढच्या वेळी चिऊला आणा आणि बाईक पण आणा.

आणली. चिऊला बूट काढून भिंतीला टेकवून उभं केलं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांच्या मधून अलगद वर सरकवलं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावली. ३३ सेंटीमीटर. सीट पार खाली केल्यावर जमिनीपासून ३७. म्हणजे सगळ्यात खाली असलेली सीटसुद्धा तिच्या पायांपेक्षा ४ सेंटीमीटर उंच! खरं तर सीट पायांच्या मापापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर खाली हवी, दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे, कारण याच्यात तिचं इंजिन पण पाय आणि ब्रेक पण पायच, बऱ्याच बॅलन्स बाईकला दुसरा ब्रेक नसतोच. बोटांवर तोल सांभाळत बसलेल्या पोरीला तुम्ही मागून ढकलताय आणि थांबायचं साधन तिच्याकडे नाही. मग ती रडते त्याला भित्रेपणा कसा म्हणायचा? मी तर म्हणेन पोरगी शहाणी आहे.

मोठी का घेतली विचारलं तर बाबा म्हणाले, "दुकानदार म्हणाला पाच वर्षांपर्यंत चालेल." आजी लगेच, "वाढत्या अंगाचं घेतलं की बरं पडतं." फ्रॉकला ठीक आहे हो हे, बाही दुमडता येते. सीट दुमडता येत नाही.

आणि वजन. बाईक लोखंडी, वजन केलं तर ५ किलो, चिऊ ११ किलो. बाईक मुलाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत असावी असा एक ठोकताळा आहे, म्हणजे हिला सव्वातीन किलोच्या आसपासची. बाबांना म्हटलं तुमचं वजन ७० धरा आणि चिऊच्या या लोखंडी बाईकच्या हिशोबाने तुम्हाला जवळजवळ ३२ किलोची सायकल देते, जाऊन या त्र्यंबकला. त्यांची स्वतःची सायकल दहा किलोच्या आतली, ग्रॅम ग्रॅम कमी करायला पैसे मोजलेले! पहिल्यांदा हसले ते.

ती बाईक सोसायटीच्या ग्रुपवर टाकून विकली आणि त्याच ग्रुपवर एक छोटी, हलकी, फोमच्या टायरची जुनी मिळाली. फोमचे टायर हलके आणि पंक्चरची भानगड नाही, फक्त गुळगुळीत फरशीवर जरा घसरतात म्हणून पावसाळ्यात ओल्या पार्किंगमध्ये अजिबात नको. हवेचे टायर खडबडीत जागी चांगले पण वजन वाढतं. अडीच-तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मी तरी हलकीच सुचवते.

इथे खरं तर केस संपायला हवी होती पण संपली नाही. नवीन बाईकवर पाय छान टेकत होते आणि तरी चिऊ बसेना. ती बाईक आडवी पाडायची आणि चाक फिरवत बसायची. नाहीतर बाजूने चालत हँडल धरून फिरवायची, त्यावर बाहुली बसवायची. आईंचा फोन, मॅडम आता तर सीट पण बरोबर आहे.

दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हे जे चाक फिरवणं आणि बाजूने चालणं आहे ना ते शिकणंच आहे, सुरुवात अशीच होते. आधी मूल बाईक हाताळतं, मग दोन पायांच्या मध्ये घेऊन उभ्यानेच चालतं, मग सीटवर हळूच टेकतं, मग बसून चालतं, मग पळतं, आणि मग कधीतरी सहज दोन्ही पाय वर. एकेका पायरीवर कोणी दोन दिवस थांबतं, कोणी दोन महिने. नणंदेच्या मुलाचा व्हिडिओ शेवटच्या पायरीचा आहे, आधीच्या कोणी शूट करत नाही.

दुसरी गोष्ट स्वभावाची. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दोघा मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात साधारण १५ टक्के मुलं अशी निघाली की नवीन काही समोर आलं की आधी मागे सरतात, बघत राहतात, आणि दबाव नसेल तर आपल्या वेगाने पुढे येतात. चिऊ घसरगुंडीवर सगळ्यात शेवटी जाते पण जाते ना, आणि एकदा गेली की उतरायला तयार नसते हे आईंनीच सांगितलं. अशा मुलाला काखेत धरून पुढे ढकललं की त्याचं बघण्याचं काम अर्धवट राहतं आणि ते अजून मागे सरतं.

बाबांना हे पटलं, म्हणजे मान हलवली. पण मग एकदम म्हणाले, "मॅडम, ही झाल्यापासून माझी रविवारची राईड बंद आहे. वाटलं होतं लवकर शिकली तर दोघं जाऊ."

आता हे महत्त्वाचं. सव्वादोन वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर बाबांच्या सगळ्या बुडालेल्या रविवारांचं ओझं होतं, आणि ते पाच किलोपेक्षा कितीतरी जड. मुलांना सगळे शब्द कळत नाहीत पण आपण बाईक काढली की बाबांचा आवाज बदलतो हे बरोबर कळतं. मग आम्ही चिऊला बाजूला ठेवलं आणि या दोघांचं वेळापत्रक घेऊन बसलो. ठरलं असं की रविवारी पहाटे बाबा राईडला जाणार आणि आठच्या आत घरी, शनिवारी संध्याकाळी आई त्यांच्या मैत्रिणींबरोबर, तेव्हा चिऊ बाबांकडे. आजींनी थोडं नाक मुरडलं, सून शनिवारी बाहेर म्हणून, पण चाललं. आणि बाईकपुरते नियम, मागून हात नाही, "पाय उचल" नाही, व्हिडिओ नाही. बाईक खाली न्यायची, भिंतीला लावायची, आपण बाकावर बसायचं. तिने हात लावला तर ठीक, नाही लावला तर परत वर.

बाबांना सगळ्यात अवघड गेलं ते हात न लावणं. त्यांचं म्हणणं, मी धरलं नाही तर तोल कसा येणार? उलट आहे हो. दोनचाकी डावीकडे कलली की हँडल थोडं डावीकडे वळवायचं म्हणजे चाकं परत आपल्या खाली येतात, हेच तर शिकायचंय, आणि ते शब्दांनी शिकवता येत नाही, कलल्याशिवाय अंगात येत नाही. तुम्ही काखेत धरलं की ती तुमच्या हातावर तोलली जाते, बाईकवर नाही. मग त्यांनीच मला सांगितलं की १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल ड्राइसने जी पहिली दोनचाकी काढली ती अशीच बिनपेडलची, पायाने ढकलायची होती. म्हटलं मग बघा, पेडलवाल्या सायकली आल्या १८६० नंतर. मोठ्या माणसांना जमिनीवरचा पाय काढायला चाळीसहून जास्त वर्षं लागली, चिऊला थोडे महिने द्या.

आजींचा मुद्दा वेगळाच होता, "त्यापेक्षा तीनचाकी घ्या, घंटीवाली, मागे टोपली असलेली." घ्या की! तीनचाकीने नुकसान काही होत नाही, पेडल मारायला येतं, पायात जोर येतो. फक्त ती कलत नाही, त्यामुळे तोल शिकवत नाही एवढंच. सायकलला बाजूला लावायच्या छोट्या चाकांचंही तेच, मूल एका चाकावर रेलून बसायला शिकतं आणि चाकं काढली की ती सवय मोडावी लागते, म्हणून मी ती सहसा सुचवत नाही. पण ज्यांनी लावली त्यांची मुलं काय सायकल शिकली नाहीत का, आपण सगळे तसेच किंवा भाड्याच्या मोठ्या सायकलवर कैची मारत शिकलो.

थोडं सेफ्टीचं, कारण इथे मात्र मी ढिली नाही. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, ती नुसती बाईक घेऊन चालत असेल तरी. भुवयांच्या वर दोन बोटं जागा, पट्टे कानाखाली व्ही आकारात, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढाच सैल. आणि झोक्यावर किंवा घसरगुंडीवर जाताना हेल्मेट काढायचंच, अडकलं तर पट्ट्याने गळा आवळला जाऊ शकतो. पुढून बंद बूट, सँडल नको. बेसमेंट पार्किंगच्या उताराच्या जवळपास पण नाही, आणि गाड्या रिव्हर्स होतात तिथे तर नाहीच, एवढं बुटकं मूल ड्रायव्हरला दिसत नाही. जॉगिंग ट्रॅकवर नेऊ नका, सकाळी चालणारे काका ओरडतात आणि बरोबरच ओरडतात. सपाट सिमेंटची किंवा डांबराची रिकामी जागा सगळ्यात बरी, गवतावर चाक नीट फिरत नाही आणि मूल वैतागतं.

आणि काळजी कधी करायची? बाईकवर बसत नाही म्हणून कधीच नाही. पण दीड वर्ष होऊन गेलं तरी मूल स्वतःहून चालत नसेल, कायम चवड्यांवरच चालत असेल, एकच बाजू जास्त वापरत असेल, बरोबरीच्या मुलांपेक्षा खूपच पडत असेल किंवा आधी येत होतं ते करायचं बंद झालं असेल तर बाईक विसरा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. चिऊ पळत होती, बॉलला लाथ मारत होती, कठडा धरून जिने चढत होती, तिच्यात यातलं काहीही नव्हतं.

ती बसली कधी? कोणी बघत नसताना. बाबा बाकावर कोणाशी तरी गप्पा मारत होते आणि मागून आवाज आला "बाबा सलक", बघतात तर चिऊ मॅडम बसून चालत त्यांच्याच अंगावर येतायत. त्यानंतरही पाय वर यायला भरपूर वेळ गेला, मध्ये सर्दीखोकल्यात सगळं बंद पडलं, मग परत बाजूने चालण्यापासून सुरुवात. आता ती पार्किंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मजेत जाते, अध्येमध्ये पाय वर, आणि कोणी फोन काढला की अजूनही बाईक आडवी करते.

मागच्या वेळी बाबा विचारत होते पेडलची कधी घेऊ. त्यांना सांगितलं, दोन्ही पाय वर ठेवून लांबपर्यंत जाते आणि वळणावर पाय न टेकवता वळते असं दिसलं की बघू, बरीच मुलं साडेतीन ते पाचच्या मध्ये कधीतरी तयार होतात, आणि तेव्हा कृपा करून वाढत्या अंगाची घेऊ नका. दिवाळीत आजींनी तीनचाकी पण आणलीच. आता आईंची तक्रार ही की बाल्कनीत बाबांच्या दोन आणि चिऊच्या दोन, कपडे वाळत घालायला जागा नाही. त्यावर माझ्याकडे काही सल्ला नाही.