धार्मिक एन्ग्रेव्हिंगमध्ये (धातूच्या प्लेटवर रेषा कोरून छापलेल्या चित्रांत) चेहरे एवढे बारीक असूनही भावना कशी पोहोचते?

चेहऱ्यांवर ती नसतेच मुळी. तुम्ही विचारलंय की क्रुसावरच्या येशूचा चेहरा नखाएवढाही नसतो, तरी आत कालवाकालव का होते. याच मुद्द्यावर माझे एका वर्षाचे मार्क गेलेत, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे.

कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला एका जुन्या प्रिंटची नक्कल करायची होती. मी डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६५३चं 'तीन क्रूस' घेतलं. कलाकार प्लेटमध्ये बदल करत जातो, तशी छापांची प्रत्येक टप्प्याची एक 'अवस्था' असते; लायब्ररीतल्या पुस्तकात सुरुवातीची अवस्था होती: वरून प्रकाशाचा झोत, मध्ये येशू, दोन बाजूंना दोन चोर, खाली गर्दी आणि गुडघे टेकलेला रोमन शताधिपती. जस्ताच्या प्लेटवर तीन आठवडे मी सुईने एकेक चेहरा काढला. भुवया, थरथरते ओठ, सगळं. प्रिंट काढलं तर माणसं नाटकात रडावं तशी रडत होती. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी मी पट्टी घेतली आणि वरच्या कडेपासून गर्दीवर सरळ रेषा ओढत सुटले. मनगट भरून येईस्तोवर. अर्धे चेहरे बुडाले. प्रेसवरून तो ओला कागद उचलला तेव्हा माझ्याच्याने बोलवेना.

सरांनी वर्गासमोर विचारलं, "चेहरे कुठे गेले? चांगली प्लेट नासवलीस."

सर चुकले होते, हे मी आज वीस वर्षांनीही म्हणेन. रेम्ब्रांटने स्वतः चौथ्या अवस्थेत हेच केलंय. काळ्या रेषा पडद्यासारख्या कोसळतात, एक चोर जवळपास दिसेनासा होतो, गर्दीचा नुसता कल्लोळ उरतो आणि मधला देह एकटा पडतो. बायबलच्या शुभवर्तमानातला, येशू क्रुसावर असतानाचा भर दुपारचा अंधार असा रेषेनेच पडतो. सुईने ओरखडल्यावर कडेला धातूची खरबरीत धार उभी राहते, ती शाई धरते, म्हणून तो काळा मखमली दिसतो. एन्ग्रेव्हिंगचं कोरायचं हत्यार, ब्युरिन, मात्र धातू काढूनच टाकतं; रेषा स्वच्छ आणि थंड येते.

थंड रेषेतही भाव येतो, पण मग तो रचनेने आणावा लागतो. जर्मन एन्ग्रेव्हर शोनगाउअरचा संत अँथनी बघा, १४७०च्या दशकातला. राक्षसांनी त्याला हवेत उचलून चहूबाजूंनी ओरबाडलंय, काटे, खवले, नख्या सगळीकडे. आणि भोवती कोरा कागद. मधला म्हातारा शांत. तो कोरा कागदच त्याचा एकटेपणा आहे. याउलट फ्रेंच एन्ग्रेव्हर क्लोद मेलांने १६४९मध्ये नाकाच्या शेंड्यापासून निघालेल्या एकाच गोल फिरत जाणाऱ्या रेषेत येशूचा अख्खा चेहरा कोरला. कसबाला साष्टांग नमस्कार. मला मात्र त्यात दुःख दिसत नाही, मनगट दिसतं.

एक सांगायचं राहिलं: 'तीन क्रूस' मुख्यतः ड्रायपॉइंट, म्हणजे सुईने थेट ओरखडलेलं, आहे, काटेकोर अर्थाने एन्ग्रेव्हिंग नाही. आणि जर्मन एन्ग्रेव्हर ड्यूररचे चेहरेही बोलतात, ते नाकारत नाही.

तुम्ही प्रोजेक्टसाठी लिहिताय म्हणालात. मार्गदर्शक "चेहऱ्यावरचे भाव वर्णन करा" म्हणाले, तर 'तीन क्रूस'ची पहिली आणि चौथी अवस्था शेजारी ठेवून त्यांच्यापुढे धरा. मला ते जमलं नाही. चौथी अवस्था असते हेच तेव्हा मला माहीत नव्हतं.