मुक्ती, मोकळीक आणि हक्कसोड

प्रश्न असा: स्त्री-चळवळीची उद्दिष्टं नव्याने मांडायची तर 'स्त्रीमुक्ती' हा शब्द आता बाजूला ठेवावा का? त्याच्या जागी 'महिला सक्षमीकरण' चालेल का? आणि त्याच अर्थाचं 'सशक्तिकरण' लिहावं की 'सशक्तीकरण'?

शेवटच्या प्रश्नाचा निकाल आधी लावू. सशक्तीकरण, दीर्घ. ऱ्हस्व लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर 'शक्ति' असते, पण इथे मूळ शब्द 'सशक्त' आहे. त्याला 'करण' जोडताना शेवटच्या अ-चा ई होतो. शुद्धीकरण, रुंदीकरण, तसंच सशक्तीकरण. 'रुंदिकरण' लिहिलेली पाटी पाहून ज्यांचं डोकं फिरतं त्यांनी थोडा राग या पाटीसाठीही शिल्लक ठेवावा.

या ई-ला पाणिनीय परंपरेत 'च्वि' म्हणतात आणि त्याची अट आहे 'अभूततद्भाव'. म्हणजे जे आधी तसं नव्हतं, ते तसं होणं. शुद्ध पाण्याचं शुद्धीकरण करावं लागत नाही. तेव्हा 'महिला सक्षमीकरण' म्हणताक्षणी व्याकरणाने गृहीत धरलं की बाई आधी अक्षम होती. दिवसभर वाकून भातलावणी करणारी, वर घरी येऊन चूल पेटवणारी बाई अक्षम! शिवाय 'करण' आलं की कर्ता आला. इथे तो कोण? कधी शासन, कधी संस्था, कधी बँक. हा शब्द रुळला तोच मुळी सरकारी कागदांवरून. १९९५ च्या बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेनंतर त्याची चलती झाली आणि २००१ हे वर्ष तर भारत सरकारने महिला सबलीकरण वर्ष म्हणूनच जाहीर केलं. 'सबलीकरणा'च्या पोटात 'अबला' बसलेली आहे हे वेगळं सांगायला नको. ('क्षम' म्हणजेच समर्थ, मग 'सक्षम' कशाला, असा शेरा मारणारेही भेटतात. तो शब्द आता मुरला आहे. सोडून द्या.)

मग 'मुक्ती' निर्दोष का? तसंही नाही. पण तिच्यावर जो आक्षेप नेहमी घेतात, की हा मोक्षाचा, अध्यात्माचा शब्द, तो फुसका आहे. मुच् धातूला संस्कृतात बाण चालतो, घोडा चालतो, कैदी चालतो. खरी अडचण दुसरीच आहे. मुच् सकर्मक आहे. 'मुञ्चति' म्हणजे 'सोडतो', आणि 'मुक्त' हे त्याचं कर्मणि रूप, म्हणजे 'सोडलेला'. म्हणून मुक्त स्त्री म्हणजे अक्षरशः सोडलेली बाई. आता हेच दोन शब्द मराठीत मोठ्याने म्हणून पाहा. अर्थ कुठल्या कुठे गेला!

पण त्या सोडलेल्या बाईकडे वळण्याआधी 'मोकळा' पाहायला हवा, कारण खरी मौज तिथे आहे. 'मुक्त'वरून 'मोकळा' असं दोन शब्दांत उरकून पुढच्या नोंदीकडे वळणाऱ्या कोशकारांचं नवल वाटतं. मुक्तातला त गेला कुठे? क्त-चं प्राकृतात त्त होतं. भक्त, भत्त, भात. रक्त, रत्त, राता. मौक्तिक, मोत्तिअ, मोती. या हिशेबाने 'मुक्त'चा 'मुत्त' व्हायला हवा, आणि प्राकृतात तो आहेही. पण त्याच्या शेजारी 'मुक्क' हे दुसरं रूपही आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात मुक्को आणि मुत्तो अशी दोन्ही रूपं नोंदवली आहेत, शक्त, दष्ट, रुग्ण यांच्या पंगतीत बसवून. नियम सांगितला, कारण सांगितलं नाही, आणि त्याचा दाखला देणारे पंडित आजही तिथेच थांबतात.

कारण असं की संस्कृतात धातुसाधितं नुसती त-ची नसतात, न-चीही असतात. भग्न, छिन्न, लग्न. बोलीत 'मुक्त'च्या जोडीला 'मुक्न' असं न-वालं रूप असलं पाहिजे. ग्रंथांत ते सापडत नाही, पण त्याच्याशिवाय मुक्क-मधल्या जोड क-चा उलगडा नीट होत नाही. लग्न, लग्ग, त्यावरून आपलं लागणे. मुक्न, मुक्क, त्याला ल लागून मुक्कल, आणि त्यावरून मोकळा. अंधलचा आंधळा, पंगुलचा पांगळा होतो तसाच इथेही ल-चा ळ झाला. आता गंमत बघा. लग्न म्हणजे चिकटलेलं, मुक्न म्हणजे सुटलेलं. दोन्ही एकाच साच्यातून निघालेले सख्खे जोडीदार. एक मराठीत मांडवात जाऊन बसला आणि दुसऱ्याला ळ चिकटून तो ओळखू येईनासा झाला.

मराठीने या शब्दाला संस्कृतापेक्षा चांगलं वळण दिलं. केस मोकळे, गळा मोकळा, हात मोकळा, बाळंतीण मोकळी झाली. यात सोडणारा कोणी नाही. मोकळं आपलं आपण होता येतं. 'मोकळीक' मात्र तशी नाही, ती द्यावी लागते. आणि नेमका तोच शब्द कानांवर आदळत राहतो: "आमच्याकडे स्त्रीमुक्तीच आहे, मी मिसेसना पूर्ण मोकळीक दिलीय." दिलीय! म्हणजे ती आधी यांच्या खिशात होती. देणाऱ्याला ती उद्या परत मागता येते, एवढं तरी या वाक्यातलं 'दिली' हे क्रियापद प्रामाणिकपणे सांगतं.

सोडणे-सुटणे ही जोडीही अशीच. हिंदीत जिथे छ तिथे मराठीत बऱ्याचदा स: पूछना-पुसणे, छुरी-सुरी, मछली-मासळी, तसं छूटना-सुटणे आणि छोड़ना-सोडणे. सुटणे अकर्मक, सोडणे सकर्मक. बाई सुटली तर कर्ती ती. तिला सोडली, तर कर्ता नवरा. त्या सोडण्याच्या कागदाला आपण सोडचिठ्ठी म्हणतो, किंवा फारकत. 'फारकत' अरबी 'फुर्कत'वरून, म्हणजे विरहावरून आली असं सांगणारे शायरीत रमलेले दिसतात. जुन्या कागदांत 'फारखत' आहे, 'फारखती' आहे: फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे कागद. कर्ज फिटल्यावर सावकार कुळाला लिहून देई ती फारखत. वहीतल्या बेबाकीची, म्हणजे हिशेब चुकता झाल्याची पावती नवरा-बायकोच्या हिशेबाला लागली, आणि मग फारकत घेतली काय नि दिली काय, विरहाचा त्यात थेंबही नाही.

ज्यांना हा कागदही मिळाला नाही त्या 'टाकलेल्या'. सभ्य शब्द 'परित्यक्ता', पुन्हा कर्मणि. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली. सांगली भागात चळवळीतल्या कार्यकर्त्या इंदूताई पाटणकर यांच्या पुढाकाराने अशाच स्त्रियांनी स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड आणि घरासाठी जागा मागितली. त्यांच्या मागण्यांत ना मुक्ती होती ना सक्षमीकरण. होती ती नावाची नोंद. आता 'एकल महिला' म्हणतात तो शब्द चांगला आहे. त्यात तिच्यावर कोणी काही केल्याचा उल्लेख नाही.

शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती' काढली. ज्या गावात शंभर शेतकरी बायकोच्या नावावर जमीन करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. १५ सप्टेंबर १९९२ च्या शासकीय परिपत्रकाने सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली. अर्ज तलाठ्याकडे, फी नाही. उपक्रम मोलाचा, पण व्याकरण मुच् धातूचंच राहिलं: अर्ज करायचा नवऱ्याने. त्याने केला नाही तर लक्ष्मीची मुक्ती राहिली.

सोडण्याचा सगळ्यात मोठा व्यवहार मात्र उलट दिशेने चालतो, आणि चळवळीने उद्दिष्टं तपासायचीच असतील तर इथून सुरुवात करावी: 'हक्कसोड', म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा लिहून सोडणं. इथे सोडणारी बाई आहे. अखेर ती कर्ती झाली, ती इथे! महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार. २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगून टाकलं. तरी वडील गेल्यावर वारसनोंदीबरोबर हक्कसोडपत्राचा मसुदा तयारच असतो: "राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता." राजीखुशी ही टंकलेखकाची असते.

हे पत्र नोंदणीकृत नसेल तर त्याने जमिनीतला हक्क जात नाही. नोटरी केलेला स्टँपपेपर दाखवून 'बहिणीने सोडलंय' म्हणणाऱ्यांनी नोंदणी कायद्याचं कलम १७ वाचावं. 'सही फक्त नोंदीपुरती' असं सांगून दुय्यम निबंधकाकडे नेलं, तर मात्र ती सही नोंदीपुरती राहत नाही. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. पत्र कोणाच्या नावे हेही पाहावं. ठरावीक एकाच भावाच्या नावे ते केलेलं नसेल तर हिस्सा उरलेल्या सगळ्या सहहिस्सेदारांकडे जातो, आणि त्यात नको असलेला भाऊही येतो.

ज्या बहिणी सही करत नाहीत त्यांच्यासाठी आपल्या महसुली मराठीने एक सोय ठेवलेली आहे: 'इतर हक्क'. सातबाऱ्यावर भोगवटादारांच्या, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यात भाऊ असतात आणि कुळ, खंड व इतर अधिकारांच्या रकान्यात, सोसायटीच्या कर्जाचा बोजा आणि विहीर यांच्या खाली, बहिणींची नावं. 'इतर' म्हणजे दोहोंतला दुसरा. त्यातला 'तर' हा अधिकतर, अन्यतरमधलाच. लॅटिनमधला 'इतेरुम' त्याचा सख्खा भाऊ, अर्थ 'दुसऱ्यांदा, पुन्हा'. वारस म्हणून पहिल्या दिवसापासून बरोबरीने आलेल्या माणसाला 'दुसरा' म्हणणारा हा रकाना आहे.

नाव तिथे असेल तर त्याच्या शेजारचा फेरफाराचा, म्हणजे ज्या नोंदीने हा बदल झाला तिचा, क्रमांक पाहावा आणि त्या फेरफाराची नक्कल काढावी. फेरफारात सगळे वारस सारखे असून नाव फक्त सातबाऱ्यावर चढवताना इतर हक्कात गेलं असेल तर ती लेखनातली चूक. तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज पुरतो. फेरफारातच 'बहिणींची नावे इतर हक्कात' असं मंजूर झालं असेल तर १५५ चा उपयोग नाही. मग प्रांताधिकाऱ्यांकडे कलम २४७ चं अपील, आणि नोंद जुनी असेल तर सोबत विलंबमाफीचा अर्ज.